काचेवर घासलेला हीटसिंक

माझा कॉम्प्युटर सासऱ्यांच्या हातात द्यायची माझी अजिबात इच्छा नव्हती, हे आधीच सांगून टाकते. मी तशी चांगली सून वगैरे आहे, पण कोणी माझ्या टेबलाला हात लावला की माझं डोकं फिरतं.

मी ड्राफ्टिंगचं काम करते. कारखान्यात मशीनवर जॉब, म्हणजे घडवायचा भाग, घट्ट धरून ठेवायला फिक्स्चर लागतं, त्याची ड्रॉइंग्ज काढते. दहा वर्षं भोसरीतल्या एका छोट्या ऑफिसात हे केलं. मग साहेबांनी ऑफिस चाकणला हलवलं. पिंपळे गुरवहून चाकण म्हणजे ट्रॅफिक धरून जाऊन-येऊन चार तास, आणि घरी सासरे. आदल्या वर्षी त्यांना अर्धांगाचा झटका येऊन गेला होता. चालत होते, बोलत होते, पण उजव्या हातात जोर उरला नव्हता. एकदा गॅसचं बटण अर्धवट उघडंच राहिलं, तेव्हापासून त्यांना दिवसभर एकटं ठेवायचं नाही असं ठरलं होतं. नवरा कंपनीत, त्याच्या शिफ्टचा भरवसा नाही. साहेबांना मी हे सगळं सांगितलं, तर ते म्हणाले, मे महिना घरून करून बघा. काम वेळेवर आलं तर ठीक, नाहीतर जूनपासून चाकणला यावं लागेल.

तसं झालंच तर काय, हेही नवऱ्याने ठरवून ठेवलं होतं. बाबांना गावी पाठवायचं, राजगुरुनगरच्या पुढे, त्यांच्या चुलतभावाकडे. माणसं वाईट नव्हती. पण बाबांनी गाव सोडलं तेव्हा ते वीस वर्षांचेही नव्हते. सगळी उमर भोसरीच्या एका टूलरूममध्ये फिटर म्हणून गेली. गाव त्यांना आता लग्नाकार्यापुरतं आणि मयतीपुरतं. हे सगळं बोलणं त्यांच्यासमोरच झालं आणि ते फक्त "बघा" म्हणाले. तो महिना माझ्या नोकरीसाठी जेवढा होता, तेवढाच त्यांच्या या घरात राहण्यासाठी होता.

आणि हे सगळं ज्याच्या जिवावर, तो माझा कॉम्प्युटर नऊ वर्षांचा म्हातारा. चौदा एप्रिलची जयंती झाली, ऊन चढलं आणि त्याने रंग दाखवायला सुरुवात केली. मोठी असेंब्ली, म्हणजे अनेक भाग जोडलेलं ड्रॉइंग, उघडली की आतला पंखा किंचाळायचा, पडदा अडखळायचा आणि दुपारी दोनच्या सुमाराला सगळं एकदम बंद. तापमान दाखवणारं एक छोटं सॉफ्टवेअर मी टाकून घेतलं होतं. आकडा नव्वदच्या वर गेला की मी हात जोडायचे.

मे लागल्यावर दोन दिवसांतच बाबांनी उपाय सांगितला. भोसरीत उन्हाळ्यात सगळे हेच करतात: मशीन गरम होऊन थांबायला लागलं की त्याच्या इलेक्ट्रिक पॅनेलचं दार सताड उघडतात आणि समोर मोठा पंखा लावून देतात. मीही कितीदा पाहिलं होतं. त्यामुळे मला ते पटलं. कॅबिनेटच्या बाजूचा पत्रा काढला, समोर टेबलफॅन ठेवला. आकडा ऐंशीवर आला. बाबा खूश, मी खूश. नवरा घरी आला की पंख्याच्या वाऱ्यासाठी कॉम्प्युटरशेजारी बसायचा.

आमचं घर एका खोलीचं नि हॉलचं. माझं टेबल हॉलमध्ये, म्हणजे ओट्यापासून चार पावलांवर. सकाळी फोडणी व्हायची तेव्हा पंखा ती इमानेइतबारे कॉम्प्युटरच्या पोटात भरायचा. खाली रस्ता खणलेला, त्याची धूळ वरून. दहा दिवस बरे गेले. अकराव्या दिवशी साहेबांना संध्याकाळपर्यंत एक फिक्स्चर द्यायचं होतं आणि भर दुपारी कॉम्प्युटर बंद पडला. पुन्हा चालू केला तर फाइल उघडेना. तीन तासांचं काम गेलं.

बाबा खुर्चीतून उठून पंखा थोडा पुढे सरकवायला लागले. माझा तोल गेला.

"बाबा, ही तुमची कंपनी नाही आणि हे तुमचं मशीन नाही. असंच चाललं तर मी चाकणला आणि तुम्ही गावाला. मग लावत बसा पंखे."

यातलं एक अक्षरही खोटं नव्हतं, म्हणून तर ते जास्त लागलं असणार. त्यांनी पंखा बंद केला, डाव्या हाताने उचलला आणि आत घेऊन गेले. मला वाईट वाटलं, पण फाइल पुन्हा करायची होती. साहेबांकडून दोन दिवस मागून घेतले. एकदाच, म्हणाले ते.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या काकूंना बाबांजवळ बसवलं आणि कॅबिनेट स्कूटीवर घालून भोसरीला नेलं. तिथे जुने कॉम्प्युटर दुरुस्त करणारे एक चाचा आहेत, ऑफिसची कामंही त्यांच्याकडेच जायची. त्यांनी आत टॉर्च मारला आणि बराच वेळ बघत राहिले. मग विचारलं, "ताई, कॉम्प्युटर चालवता की भजी तळता?" पात्यांमध्ये तेलकट धुळीचा जाड थर बसला होता. पत्रा उघडा ठेवला की वारा कुठूनही कुठेही जातो, म्हणाले. पुढून आत, मागून बाहेर, असा एक रस्ता लागतो. त्यांनी ब्रशने सगळं साफ केलं, पुढे एक आणि मागे एक असे दोन पंखे बसवले, जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी टाकली, वापरलेली पण चांगली रॅम दिली. माझं बजेट तिथेच संपलं. प्रोसेसरवरचा कूलर बदलायला हवा होता, कारण त्याचा तळ प्रोसेसरला नीट टेकत नव्हता, पण तो आता पुढच्या महिन्यावर गेला. चाचांनी मधली फट भरायला पेस्टची एक ट्यूब हातावर ठेवली आणि तेवढ्यावर भागवा म्हणाले.

घरी आल्यावर फाइली झटकन उघडायला लागल्या. पण आकडा पुन्हा अठ्ठ्याऐंशी. कूलरचा तळ टेकत नाही म्हणजे काय, ते मी नवऱ्याला फोनवर सांगत होते. बाबा आतून ऐकत होते. बाहेर येऊन म्हणाले, "टेकत न्हाई? मला दाव."

मला नाही म्हणायचं होतं. पण काल बोलले ते डोक्यातून जात नव्हतं, म्हणून कॉम्प्युटर बंद करून कूलर काढून दिला. पंखा सुटा केल्यावर राहिला तो अ‍ॅल्युमिनियमचा ठोकळा, हीटसिंक. त्याला खाली चपटा तळ आणि वर पाती. बाबांनी तळ डोळ्यासमोर आडवा धरला, पट्टीची कड त्यावर उभी टेकवली आणि मला खिडकीच्या उजेडात बघायला लावलं. पट्टीखालून मध्यभागी उजेडाची बारीक रेघ दिसत होती.

"मधी खोलगाट हाय," ते म्हणाले. "ग्रीस भरून काय व्हनार. फेस मारायला पायजे, घासून सपाट करायला पायजे."

टीपॉयची काच काढून त्यांनी जमिनीवर ठेवली. काचेइतकं सपाट घरात दुसरं काही नसतं, हे मला तेव्हा कळलं. मी हार्डवेअरच्या दुकानातून बारीक पॉलिश पेपर आणला, तो पाण्याने ओला करून काचेवर चिकटवला. बाबांनी मार्करने तळावर उभ्याआडव्या रेघा मारल्या. ज्या रेघा आधी पुसतील तो भाग उंच, ज्या राहतील तो खोल. डावा हात खाली, जोर नसलेला उजवा त्याच्यावर नुसता ठेवलेला, आणि पेपरवर आठच्या आकड्यासारखं घासणं सुरू. थोडं घासायचं, पाव फेरा वळवायचं, पुसून बघायचं. मी मदत करू का विचारलं, तर म्हणाले, तू घाई करशील, कड खाली जाईल. खरं होतं. मी घाई केलीच असती.

दुपार गेली, दुसरी सकाळ गेली. मी तोवर वहीत पेन्सिलने स्केचेस काढत बसले. मनात सारखं येत होतं, संध्याकाळी साहेबांना काय सांगू. पण बाबांचा चेहरा बघून थांबा म्हणवत नव्हतं. झटक्यानंतर त्यांना कशात एवढं गुंतलेलं मी पाहिलं नव्हतं. जेवायच्या आधी त्यांनी तळ माझ्यासमोर धरला. एकही रेघ उरली नव्हती आणि त्यात ट्यूबलाइट दिसत होती.

चाचांनी सांगितली होती तेवढी, मटारच्या दाण्याएवढी पेस्ट लावली, कूलर बसवला, पंखा जोडला, पत्रा लावून स्क्रू आवळले. कालची असेंब्ली उघडली. आकडा चढत गेला आणि बहात्तरला थांबला. तासभर मी त्याच्याकडेच बघत होते. मग बाबांना म्हणाले, "बाबा, परवा मी फार वाईट बोलले. माझं चुकलं." ते म्हणाले, पंख्याचं माझंच चुकलं व्हतं की.

ते फिक्स्चर त्याच संध्याकाळी पाठवलं आणि त्यानंतर एकही ड्रॉइंग उशिरा गेलं नाही. महिनाअखेरीला साहेबांचा फोन आला: घरूनच चालू ठेवा, चाकणला यायची गरज नाही. फोन ठेवून मी बाबांना सांगितलं.

"जूनपुरतं, का कायमचं?" त्यांनी विचारलं.

कायमचं, म्हणाले मी. त्यांनी मान हलवली आणि उठून आत गेले. जरा वेळाने चेन ओढल्याचा आवाज येत राहिला, अडकत, पुन्हा सुरू होत. मी बघायला गेले. कॉटवर त्यांची कंपनीतली जुनी बॅग होती आणि ते डाव्या हाताने तिची चेन उघडत होते. मी पुढे होऊन ती उघडून दिली. आत घड्या घातलेले तीन शर्ट, स्वेटर, औषधांच्या पट्ट्या आणि टॉवेलात गुंडाळलेला सासूबाईंचा फोटो होता.

"ही कधी भरली?" मी विचारलं.

"तू बोललीस त्याच दिवशी," ते म्हणाले. त्यात तक्रार नव्हती.

त्यांनी फोटो टॉवेलातून सोडवून माझ्या हातात दिला. त्याची जागा माझ्या टेबलाच्या वर, स्क्रीनच्या बरोबर मागच्या भिंतीवर होती. पंधरा दिवस मी त्या भिंतीकडे तोंड करून बसले होते, पण खिळा रिकामा आहे हे मला दिसलं नव्हतं.