चार बोटं उंचीची गाडी

सगळा दोष सावेकाकांचा. हे आधीच लिहून ठेवतो, म्हणजे नंतर कोणी 'पण त्यांचा हेतू चांगला होता' असं सुरू करायला नको. हेतू चांगलाच होता. चांगल्या हेतूची म्हातारी माणसं आमच्याकडे पायलीला पन्नास मिळतात, म्हणून तर वसईतल्या पोरांची ही अवस्था आहे.

किस्से मुद्दाम कोणी जमवत नाही. गॅरेजात भंगार साठतं तसे ते साठतात. टाकवत नाहीत, कामाला येत नाहीत, आणि कोपऱ्यात हात घातला की काहीतरी बोटाला लागतंच.

आमचं गॅरेज माणिकपूरला, रिक्षा स्टँडच्या मागे. लोपीस सरांच्या भावाचं होतं ते. भाऊ कॅनडाला गेला आणि गॅरेज बंद पडलं. दर रविवारी चर्चमधली मिस्सा सुटली की सर येऊन शटर वर करायचे आणि आमची सभा भरायची. विषय कायम एकच: परदेशातली एक खरी, पळणारी गाडी स्वतःच्या हिमतीवर वसईत आणायची. शोरूमवाला नको, मधला दलाल नको. दोन हजार सालच्या आसपासची गोष्ट. नियम दर बजेटला बदलायचे, त्यामुळे भांडायला नवीन माल कायम मिळायचा.

लोपीस सर शाळेत विज्ञान शिकवून रिटायर झालेले. सावेकाका आगाशीचे, चिकू-केळीची वाडी, ग्रामपंचायतीत एकदा सदस्य. एकदाच, पण वागणं जन्मभराचं. बस्त्याव पाचूबंदरचा, स्वतःची बोट आणि कुठलंही इंजिन कानानं ओळखायचा दावा. चौथा मी.

मी डिप्लोमा मेकॅनिकलला होतो. एका प्रोफेसरांनी टर्बोचार्जर म्हणजे 'इंजिन गार ठेवायचा पंखा' असं सांगितलं, मी वर्गात हसलो, त्यांनी बाहेर काढलं. मी परत आत गेलोच नाही. त्यांचाच एक विषय राहिला होता. कोर्स बदलत होता, त्यामुळे तो द्यायची एकच संधी उरली होती. तो निघाला असता तर वसई पूर्वेच्या एका कारखान्यात सुपरवायझरची जागा माझी होती. लोपीस सर मला तो विषय फुकट शिकवत होते. काका मला 'अर्ध्या' म्हणायचे. अर्धा इंजिनियर म्हणून. नाव सगळ्यांनीच उचललं.

* * *

पहिली गाडी आमच्याकडे आली ती काकांच्या तोंडातूनच.

काकांच्या मित्राचा मुलगा आखातात होता. त्याच्याकडे आठ सिलिंडरची, दोन दरवाजांची लाल कूपे. काकांनी रविवारी जाहीर केलं, "दिवाळीला ती आपल्या वाडीत उभी असेल."

सरांनी विचारलं, "स्टिअरिंग कुठल्या हाताला?"

"स्टिअरिंगच्याच हाताला. म्हणजे काय?"

"तिकडच्या गाड्यांना डावीकडे असतं. नवीन नियमात उजवीकडेच हवं. डावीकडचं बंदरातून बाहेर सोडणार नाहीत."

काकांचा विश्वास बसेना. नियम करणाऱ्यांना चालवता येत नसेल म्हणून बंदी, असं त्यांचं मत. डावीकडे बसूनही भारतात गाडी चालते हे सिद्ध करायला ते मला घेऊन निघाले. त्यांच्या जुन्या पद्मिनीत ते डावीकडच्या सीटवर बसले आणि आगाशीपासून विरार स्टेशनपर्यंत "घे पुढे", "बस आहे, थांब", "आता काढ" असं ओरडत राहिले. हात सारखे हवेत वळत होते. समोरच्या रिक्षावाल्याला वाटलं म्हातारा आजारी आहे, त्यानं बाजूला घेऊन वाट दिली.

गॅरेजात परत आल्यावर काका सरांसमोर छाती काढून उभे राहिले. "डावीकडे बसून विरारला जाऊन आलो. ओरखडासुद्धा नाही."

मी म्हटलं, "काका, गाडी मी चालवत होतो."

"तू फक्त स्टिअरिंग धरलं होतंस," काका म्हणाले.

* * *

त्यानंतर सभेत दोन पक्ष पडले.

सरांचं म्हणणं, गाडी आणायची तर कोरी करकरीत, जिथे बनते त्याच देशातून, सगळ्या तपासण्या करून. वेळ लागला तरी चालेल. काकांचं म्हणणं, ते सगळं श्रीमंतांचं काम. आपला माणूस परदेशातून कायमचा घरी परतताना स्वतःची वापरलेली गाडी सामानासोबत आणू शकतो, तोच आपला रस्ता. आणि काकांचा भाचा निखिल जपानात होता, परतणार होता, आणि तिथे स्टिअरिंग उजवीकडे असतं.

सर म्हणाले, "गाडी त्याच्या नावावर तिकडे वर्षभर वापरात हवी. आहे?"

काका म्हणाले, "घेईल आणि वापरेल."

"म्हणजे अजून घेतलेलीच नाही."

"तुमचा संसार पण एकदम झाला नव्हता, लोपीस."

सर अविवाहित होते. त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद. सभा चालूच राहिली, कारण दोघांनाही रविवारी दुसरीकडे जायला जागा नव्हती. बाकावर मध्ये मला बसवायचे.

"अर्ध्या, सरांना सांग, निखिलनं गाडी घेतली. जपानी, दोन दरवाजांची, टर्बो."

मी सरांकडे वळायचो. सर हातभर अंतरावर.

"अर्ध्या, काकांना सांग, मी ऐकलं. आणि आनंद झाला हेही सांग. पण नियमाप्रमाणे नाही, हे शेवटी सांग."

असं दीड-दोन वर्षं चाललं. शिकलेली, केस पिकलेली माणसं ही. मला कॉलेजात 'वागणूक ठीक नाही' म्हणून वर्गाबाहेर काढलं होतं.

* * *

आता गतिरोधकाचं सांगतो, कारण तो लागणार आहे.

मी अकरावीत असताना माझ्याकडे सायलेन्सर काढलेली टू-स्ट्रोक होती. काका तेव्हा पंचायतीत. त्यांच्या वाडीसमोरून मी दोनदा गेलो आणि त्यांची दुपारची झोप मोडली. पुढच्या मीटिंगमध्ये रस्त्यावर तीन गतिरोधक मंजूर.

कंत्राटदारानं विचारलं, "उंची किती ठेवू?"

काकांनी धोतर वर घेतलं आणि गुडघ्याखाली हात लावला. "इथपर्यंत."

त्यानं बिचाऱ्यानं थोडा कमी केला, तरी तो गतिरोधक नव्हता, बांध होता. पहिल्याच आठवड्यात आगाशीच्या बसमधून एका बाईंची माशांची टोपली ड्रायव्हरच्या मांडीवर गेली. रिक्षावाले प्रवाशांना उतरवून पलीकडे परत बसवायचे. बाजूला संगमरवरी पाटी: अमुक सदस्यांच्या प्रयत्नातून. काकांचं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट.

मी बाईकवरून एका बाजूच्या मातीतून निघून जायचो. ज्याच्यासाठी बांधला, तो एकटाच आरामात जात होता.

* * *

निखिलनं फोटो पाठवला. राखाडी गाडी, मागे उंच पंख, जमिनीला जवळजवळ टेकलेली. काकांनी फोटो शर्टाच्या खिशातून काढला तेव्हा बस्त्यावसुद्धा बिडी विझवून उठला.

तो बराच वेळ बघत राहिला. मग त्यानं गाडीच्या पोटाखाली बोटं लावून अंदाज घेतला. "चार बोटं. काका, ही खालून लागणार."

"परदेशात फोटो खालून काढतात, म्हणून तसं दिसतं," काका म्हणाले.

"मी आयुष्यभर होडी किनाऱ्यावर वर ओढतो. कुठला पोट कुठे टेकनार ते मला कळते. तुमच्या त्या बांधावर हिला वढावी लागेल."

काका हसले. सर हसले. दोन वर्षांत ते दोघं एकाच वेळी हसले असं तेवढंच. बस्त्यावनं खांदे उडवले. "बरं. माझ्याकडे फळ्या हायत. सांगून ठेवतो."

* * *

गाडी बंदरात आली. तपासणी झाली, ड्युटी भरली, कागद सुटले, एजंटचा फोन आला की घेऊन जा. निखिल आधीच घरी येऊन बसलेला. तो चपला घालत होता तेवढ्यात काका आतून पंचांग घेऊन आले.

"आज नाही."

"मामा, गोदामाचं भाडं चढतंय."

"आज अमावस्या. पुढचे दोन दिवसही बरे नाहीत. गुरुवार चांगला आहे, सकाळी घ्यायची."

"गाडी आहे, मुंज नाही."

"मुंज तुझी मीच लावली होती. गुरुवार."

मी तिथेच होतो. गुरुवारी दुपारी दोनला पालघरला माझा पेपर होता. मी काकांना सांगितलं. म्हटलं, शुक्रवारी आणा, मला बघायची आहे. सहा वर्षं हेच बोलतोय आपण.

काका पंचांग मिटत म्हणाले, "पेपर काय, परत येतात. असा गुरुवार परत येत नाही."

मी त्यांना जे बोललो ते छापण्यासारखं नाही. त्यांना ते ऐकू गेलं, आणि त्यांनी गुरुवार बदलला नाही.

सरांना सांगितलं, तर ते म्हणाले, "तू पेपरला जा. गाडी पळून जाणार नाही. त्यांच्या रस्त्यावर तर नाहीच."

* * *

गुरुवारी मी घरून लवकरच निघालो. खिशात पेन, हॉल तिकीट, सरांनी दिलेला कॅल्क्युलेटर. पालघरची गाडी विरारहून, आणि आमच्या घरून विरारला आगाशी रोडनंच जावं लागायचं, हा काही माझा दोष नाही.

पहिल्या गतिरोधकाशी गर्दी होती. बस उभी, मागे रिक्षांची रांग. मध्ये ती. फोटोपेक्षा लहान, आणि फोटोपेक्षा कितीतरी सुंदर. राखाडी रंगात वरची माडाची झावळी दिसत होती. पोट बांधावर टेकलेलं, पुढची चाकं पलीकडे गेलेली, मागची हवेत फिरत होती. काळा टेम्पररी नंबर, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक, आरशाला लिंबू-मिरची. आत निखिल डोकं स्टिअरिंगवर टेकून, आणि डावीकडच्या सीटवर काका, टोपी घालून, समोर बघत.

निखिलनं काच खाली केली आणि पाटी मोठ्यानं वाचली. पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. बसमधली माणसं हसली.

बस्त्याव आला. टेम्पोतून आला, फळ्या आणि ओंडके आधीच भरलेले होते. सकाळपासून नाक्यावर चहा पीत थांबला होता. त्यानं शार्कच्या तेलाचा डबा काढला, होडी वर घेताना लावतात तसं फळ्यांना तेल लावलं आणि गाडीखाली सरकवल्या. वास असा की बसची खिडकी बंद झाली.

सायकलवरून लोपीस सर आले. त्यांनी गाडी पाहिली, मग मला पाहिलं, मग घड्याळ पाहिलं.

"अर्ध्या, साडेबाराची पालघरची गाडी सोडलीस तर पोचणार नाहीस. नीघ."

"निघतो, सर."

"थांब. आधी हे टोक धर."

मी टोक धरलं. सरांनी बाह्या सारल्या आणि शेजारी उभे राहिले. बसचा कंडक्टर उतरला, दोन रिक्षावाले आले, मासेवाल्या बायका आल्या. बस्त्यावनं होडीची आरोळी दिली आणि सगळे एका सुरात ओढू लागले. गाडी इंचभर हलली आणि बसली. परत हलली, परत बसली.

काकांनी काच खाली केली. दोन वर्षांत पहिल्यांदा थेट बोलले, मध्ये मी नसताना.

"लोपीस, तुमच्या बाजूनं जोर कमी पडतोय."

सर घामानं निथळत होते. "सावे, तुम्ही आधी गाडीतून खाली उतरा."

काका उतरले. गाडी बोटभर वर आली. पुढच्या आरोळीला ती बांधावरून सुटली आणि फळ्यांवरून अशी अलगद खाली गेली, भरतीला होडी सुटावी तशी. बायकांनी टाळ्या वाजवल्या. कंडक्टर डबल बेल मारायची विसरला.

पुढे अजून दोन बांध होते. बस्त्याव फळ्या उचलायला लागला, तर काका म्हणाले, "राहू दे." ते वाडीत गेले आणि कुदळ घेऊन आले. टोपी काढून पाटीवर ठेवली, आणि दुसऱ्या बांधावर पहिला घाव स्वतः घातला. डांबर उडालं. सरांनी दुसरी कुदळ मागितली. अर्ध्या तासात तिथे रस्ता होता, साधा, सपाट, मी अकरावीत असताना होता तसा.

तिसरा फुटला तेव्हा काका धापा टाकत निखिलकडे गेले, किल्ली घेतली आणि माझ्यासमोर आले. हात मातीनं भरलेले.

"वाडीपर्यंत तू ने."

ते स्वतः डावीकडे बसले. मी उजवीकडे. स्टार्ट केली तेव्हा पाठीमागून खोल घुमणारा आवाज आला. सायलेन्सर काढलेल्या माझ्या टू-स्ट्रोकला आयुष्यात तो आवाज जमला नसता. मी पहिला गिअर टाकला, दुसरा टाकला, टर्बो भरल्याची शीळ आली, आणि वाडीचं फाटक आलं तरी काका काहीच ओरडले नाहीत. फक्त फाटकाशी म्हणाले, "परत एकदा मार. आगाशी नाक्यापर्यंत."

पेपर दोनला सुरू झाला. मी नव्हतो. डिप्लोमा अर्धा राहिला, कारखान्यातली जागा गेली.