उघडे डोळे
विडीच्या तंबाखूचा वास आला की आजही माझा श्वास अडकतो. कॉलेजात असताना सायकलवरून पडून माझा हात मोडला, आणि हाड बसवायला गोंदियाच्या एका दवाखान्यात मला केटामाइन या भुलीच्या औषधाचं इंजेक्शन दिलं. "झोप लागेल," एवढंच डॉक्टर बोलले. झोप नव्हतीच ती. छताचा पंखा वर वर गेला, मग मी त्याच्याही वर गेले आणि खाली टेबलावर मलाच पडलेली पाहिली. हाक मारायला तोंडच नव्हतं. मग तंबाखूचा वास आला, सगळं काळं झालं आणि दुरून आईचा आवाज आला, "पोरगी गेली जी माही." मी मेले, हे मला तिच्याकडून कळलं. खरं काय झालं ते नंतर समजलं. मला बाहेर आणलं तेव्हा माझे डोळे टक्क उघडे होते, पापणी हलत नव्हती. दिवसभर विड्या वळणाऱ्या आईने ते पाहिलं आणि मेलेल्या माणसाचे मिटवतात तसे तळहाताने माझे डोळे मिटवले. सिस्टर धावत आली. "जिती हाये ती. ह्या इंजेक्शनात डोळे उघडेच रायतात." आईने हात काढला नाही. "मंग आधी काऊन नाई सांगतलं?" परवा नागपूरला नवऱ्याच्या नसांच्या दुखण्यासाठी केटामाइनची सलाईन लावली. या वेळी डॉक्टरांनी सगळं आधी समजावलं होतं. तरी त्याचे उघडे डोळे पाहून माझा हात आपोआप उठला. सलाईन संपेपर्यंत मी तो मांडीखाली दाबून बसले.