चाळीस खिळे जास्तीचे

जुलैतल्या शाळेच्या सुट्ट्या लागायच्या आधीचा आठवडा म्हणजे एदेल्मिरा ओयार्सूनच्या टायरच्या दुकानाबाहेर गाड्यांची रांग कोपऱ्यावरून वळून पार खाली दवाखान्यापर्यंत जाते. पृथ्वीच्या दक्षिण टोकावरच्या उशुआयातून उत्तरेला निघायचं तर गारिबाल्दीचा घाट चुकत नाही, आणि इथल्या जुलैच्या ऐन हिवाळ्यात घाटात बर्फ नसेल अशी आशा धरणारा माणूस गावात नवीन आलेला असतो. बाकीचे आधी एदेल्मिराकडे येतात.

तिची पद्धत ठरलेली. आधी चारही टायर हाताने चाचपायचे, नक्षी किती झिजली ते बघायचं. मग बर्फावर पकड यावी म्हणून टायरात आधीच असलेल्या बारीक खळग्यांत हवेच्या पिस्तुलाने पोलादी खिळे मारायचे, एका चाकाला एकशे दहा. शेवटी चाक कुठल्या बाजूचं आणि कुठल्या दिशेने फिरायचं ते खडूने टायरवर लिहायचं, बाण काढायचा. "पुढच्या दोनच चाकांना मारा ना" असं कुणी म्हटलं की ती हातातला पाना खाली ठेवते आणि विचारते, "मागची दोन चाकं काय सुट्टीला नाही येणार?"

हे दुकान खरं तिच्या नवऱ्याचं. सेगुंदो अकरा वर्षांपूर्वी मे महिन्यात, ऐन हंगामात, दुपारचं जेवून खुर्चीत डोळे मिटून बसला तो उठलाच नाही. त्याला पोचवून आल्यावर एदेल्मिरा दोन दिवस घरात बसली. तिसऱ्या दिवशी तिने पडदा सरकवला तर बाहेर सात गाड्या उभ्या होत्या. लोक आत बसून होते, हॉर्न कुणी वाजवत नव्हतं. ती नवऱ्याचा डगला अंगात घालून खाली गेली. जॅक कुठे लावायचा एवढंच तिला माहीत होतं. उरलेलं त्या सात जणांनी तिला सांगत सांगत शिकवलं, आणि पुढच्या वर्षी तीच त्यांना रागवायला लागली.

तेव्हा त्यांची मुलगी माइतेन तेरा वर्षांची होती. आता ती बंदराजवळच्या एका हॉटेलात काउंटरवर बसते, तिला लिवेन नावाची पाच वर्षांची मुलगी आहे आणि एक जुनी निळी गाडी. लिवेनचा बाप नाही, म्हणजे आहे, पण तो बोटींवर असतो. गेली दोन वर्षं माइतेन लिवेनला घाटापलीकडचं तोल्विनचं तळं दाखवीन म्हणत होती आणि दोन्ही वर्षं एदेल्मिराला ऐन वेळी काहीतरी सुचत होतं. एकदा लिवेनचा खोकला, एकदा रेडिओवरचा वाऱ्याचा अंदाज.

यंदा माइतेनने आधीच तीन दिवसांची रजा घेतली, तळ्याकाठी लाकडी घर सांगून ठेवलं आणि गुरुवारी सकाळी गाडी दुकानात आणून लावली.

"शनिवारी उजाडलं की निघतोय," ती म्हणाली. "खिळे मारून ठेव."

"एकटीच चालवणार?"

"लिवेन चालवेल थोडी, मी दमले की."

"थट्टा नको करू. घाटात काचेसारखा बर्फ असतो सावलीच्या वळणांवर. दिसत नाही तो."

"आई, तू अख्ख्या गावाला त्या घाटात पाठवतेस. मी जायचं म्हटलं की घाट वाढतो का?"

एदेल्मिराने पुढच्या गाडीखाली जॅक सरकवला. ती स्वतः हिवाळ्यात तो घाट कधी चालवत गेली नव्हती, हे दोघींनाही माहीत होतं.

त्या दिवशी तिने माइतेनची गाडी सगळ्यात शेवटी घेतली. एका चाकात एकशे दहा खिळे बसले. तिने चाक हाताने गरकन फिरवून बघितलं. दोन ओळींमध्ये बरीच मोकळी जागा दिसली तिला. इतकी मोकळी जागा असते हे अकरा वर्षांत कधी लक्षात आलं नव्हतं. तिने बारीक ड्रिल काढला आणि त्या जागेत एक नवीन भोक पाडलं. मग त्याच्या शेजारी दुसरं. चारही चाकं झाली तेव्हा प्रत्येकात चाळीस खिळे जास्तीचे होते. कुणी गिऱ्हाइकाने असं मागितलं असतं तर तिने त्याला दारातून परत पाठवलं असतं.

नवे खिळे मारले की पहिले शंभर किलोमीटर मोकळ्या रस्त्यावर हळू चालवायचं, जोरात ब्रेक मारायचा नाही, म्हणजे खिळे रबरात घट्ट बसतात. हे ती प्रत्येकाला सांगते आणि प्रत्येक जण मान हलवून सुसाट निघतो. माइतेनला कामावरून वेळ नाही. म्हणून शुक्रवारी सकाळी एदेल्मिराने रांगेतल्या माणसांना सांगितलं, "दोन-तीन तासांत येते," आणि दुकानाचं दार ओढून घेतलं. हंगामात तिने असं कधीच केलं नव्हतं. रांगेतले लोक एकमेकांकडे बघत राहिले.

समुद्रकाठचा रस्ता मीठ टाकून साफ केलेला होता. विमानतळाच्या वळणापासून ओढ्याच्या पुलापर्यंत तिने दोन फेऱ्या केल्या. तिसऱ्या फेरीला ती गावातल्या उतारावरून खाली येत होती. रस्ता ओला होता, पण काळा, स्वच्छ. बर्फाचा कण नाही. खाली सिग्नल लाल झाला, तिने नेहमीसारखा हलकेच ब्रेक दाबला, आणि गाडी थांबली नाही. खर्रर्र करत लोखंडी पायांवर चालल्यासारखी पुढे सरकत राहिली. पुढे उभ्या टॅक्सीच्या मागे दोन बोटांवर येऊन थांबली.

टॅक्सीतून ओविदियो उतरला. सेगुंदोच्या वेळेपासूनचं, वीस वर्षं जुनं गिऱ्हाईक.

"एदेल्मिराबाई! गाडी आवडली असेल तर मागा की, ठोकता कशाला?"

ती उतरली नाही. ओविदियो वाकून चाकाकडे बघू लागला.

"अरे देवा. हे टायर आहे की साळिंदर?" त्याने बोटाने खिळे मोजल्यासारखं केलं. "गेल्या वर्षी मी दहा जास्त मागितले तर पाना घेऊन माझ्या अंगावर आला होतात. आठवतंय? 'रबर जमिनीला टेकलं पाहिजे, ओविदियो, नुसत्या खिळ्यांवर गाडी थांबत नसते.' माझ्या बायकोसमोर ओरडलात."

"आठवतंय."

"मग ही कुणाची?"

"माइतेनची."

ओविदियो हसायचा थांबला. त्याने तिच्या काचेवर दोनदा थोपटलं. "हळूहळू परत न्या. मी मागून येतो," एवढंच म्हणाला, आणि दुकानापर्यंत मागून आला.

रांग तशीच होती. तिने गाड्या मुकाट्याने हातावेगळ्या केल्या. दुपारी एक वाजता माइतेन लिवेनला शाळेतून घेऊन आली तेव्हा निळी गाडी जॅकवर होती आणि एदेल्मिरा उलट्या रिमवर बसून पक्कडीने एकेक खिळा उपटत होती. शेजारच्या डब्यात तो टण्णकन पडे.

"आजी, टोचले का तुला?" लिवेनने विचारलं.

"मारतेयस की काढतेयस?" माइतेनने विचारलं.

"काढतेय."

"का?"

"जास्त झाले."

"किती?"

"चाळीस. एका चाकाला."

माइतेनला हसू आलं. टायरवरच्या नव्या भोकांवरून तिने बोट फिरवलं, एका ओळीवरून, मग दुसऱ्या. हसू हळूहळू गेलं. दुकानात वाढलेली पोर ती, चाळीस म्हणजे काय ते तिला सांगावं लागलं नाही.

"रस्त्यावर नेली होतीस?"

"हो."

"घसरली?"

"ओविदियोला विचार. तो आता गावभर सांगत असेल."

"आई, मला जाऊ नको म्हणायचं असेल तर तसं म्हण ना."

"मी कुठे म्हणतेय? मी खिळे मारत होते."

माइतेनने हॉटेलचा कोट काढून खुंटीला अडकवला. "बाबांची पक्कड कुठंय?"

"वरच्या खणात. तिचा दात एक तुटलाय, जपून."

दोघी आमनेसामने बसून खिळे काढत राहिल्या. लिवेनने डबा धरला. मधे कुणीतरी माते नावाच्या कडवट चहाचा पेला भरला, तो हातोहात फिरला, मिल्काओ, म्हणजे बटाट्याची जाड भाकरी, गार झालेलीच खाल्ली. शेवटच्या चाकाला एदेल्मिराचं मनगट दुखायला लागलं तेव्हा माइतेनने ते चाक न विचारता आपल्याकडे ओढून घेतलं.

"रिकामी भोकं राहिली," एदेल्मिरा म्हणाली. "बिघडत नाही काही. मळ भरेल."

"नव्या खिळ्यांवर चालवलीस किती?"

"वीसेक किलोमीटर."

"म्हणजे ऐंशी उरले. चल, बस."

माइतेन चालवायला बसली. एदेल्मिरा शेजारी, लिवेन मागे. ओढ्याचा पूल, विमानतळाचं वळण, परत पूल. माइतेन सिग्नलच्या किती आधी पाय काढून घेत होती ते एदेल्मिरा बघत होती. इतक्या आधी तर तिनेही काढला नसता. तरीही प्रत्येक वळणाला तिचा उजवा पाय खालच्या पत्र्यावर जोरात दाबला जाई.

"आई, तुझ्या बाजूला ब्रेक नाहीये."

"माहितेय मला."

"मग पत्रा वाकवू नकोस."

मागे लिवेन खुदखुदली. अंधारून येईपर्यंत ऐंशी किलोमीटर झाले.

शनिवारी उजाडता उजाडता माइतेन आणि लिवेन निघाल्या. एदेल्मिराने हवा पुन्हा एकदा तपासली, डिकीत ब्लँकेट, फावडं आणि गरम पाण्याचा थर्मास ठेवला, टायरवरचा पुसट झालेला बाण खडूने गडद केला. आणखी काही सांगायचं होतं तिला, पण लिवेनने खिडकीतून लोकरी हातमोजा हलवला आणि माइतेनने गाडी सोडली. उतारावर गाडी हलकेच थांबली, वळली, गेली.

घाट ओलांडून पलीकडच्या गावात पोचल्यावर बेकरीतून फोन करायचा असं ठरलं होतं. दीड तास, फार तर दोन. पहिला तास एदेल्मिराने फोन बाकावर समोर ठेवला. दर दोन मिनिटांनी हात पुसून बघत होती. मग एका पिकअपचा नट गंजून बसलेला निघाला, तो सुटेना. मग एका बाईची दोन चाकं उलट्या दिशेने बसवलेली निघाली, तिच्याशी वाद झाला. मग कॉम्प्रेसर लावून पिस्तूल हातात घेतलं.

कॉम्प्रेसर बंद झाल्यावर तिला एकदम आठवलं. हात न पुसताच तिने फोन उचलला. फोनवर निरोप पडलेला होता, चाळीस मिनिटांपूर्वीचा.

माइतेनने लिहिलं होतं, "पोचलो. वर धुकं होतं, सावलीच्या वळणांवर वीसनेच आणली. फोटो लिवेनने काढलाय, मला वाटलं तळ्याचा काढेल."

फोटोत तळं नव्हतं. बर्फात रुतलेलं गाडीचं पुढचं चाक होतं, आणि त्यावर खडूचा बाण, अर्धा पुसलेला.

एदेल्मिरा रिमवर बसली. बाहेर कुणीतरी हळूच हॉर्न वाजवला.

"थांब रे जरा," ती आतूनच म्हणाली, आणि फोटो बोटांनी मोठा करून खिळे मोजायला लागली.