जमादार येण्याआधीचं सारवण

माझी थोरली लेक चार वर्षांची असताना आमच्या कल्याणच्या घराच्या परसातून गेली. भातुकली मांडून बसली होती. तांदूळ निवडून मी बाहेर आले तर ती नाही आणि कुंपणाचं झापाचं दार सताड उघडं. पायांत तिच्या चांदीच्या साखळ्या, गळ्यात सोन्याचे मणी. दागिन्यांपायी पोरं पळवतात हे आम्हां सगळ्यांना ठाऊक होतं, पण लेकराचा गळा मोकळा ठेवायला कुणाचं मन व्हायचं नाही.

परसातली माती न्हाणीच्या पाण्यानं ओली असायची. तिथं तिची इवली पावलं उमटली होती आणि शेजारी कुणा मोठ्या माणसाची. ती पाहिली आणि मी हाका मारत गल्लीत धावले. आमचे हे पोलिसांच्या चौकीवर पळाले. तिथं आधी नाव विचारलं, गाव विचारलं, धंदा विचारला. यांचा जीव वर-खाली होत होता. पण वर्दी देताना असंच होतं, बरं का. विचारतील ते सांगावं, चिडू नये.

दारोदार विचारून मी परतले तो परस हिरवंगार, ओलं. सासूबाईंनी जावेला हाताशी घेऊन सारवून काढलं होतं, आणि मागच्या गल्लीत सडा घातला होता तो थेट दोन वाटा फुटतात तिथपर्यंत. एक वाट खाडीवरच्या बंदराकडे जाते, दुसरी आगगाडीच्या स्टेशनाकडे. आमच्या दारात सरकारचं माणूस कधी आलं नव्हतं. मोठं माणूस येणार म्हटलं की दार सारवायचं, एवढंच त्या माउलीला माहीत. रडत रडत सारवत होत्या, असं जाऊ म्हणाली.

जमादार दोन शिपाई घेऊन आला. जमिनीकडे पाहून तसाच उभा राहिला.

"हे कुणी सारवलं?"

"मी," सासूबाई दाराआडून म्हणाल्या. "तुम्ही यायचे होतात ना."

"आजी, मी काय जेवायला येणार होतो?" एवढंच बोलला. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

मग त्यानं मामंजींना विचारलं, पोरीच्या अंगावर काय होतं. मामंजी म्हणाले, लुगडं-बिगडं असेल काहीतरी. चार वर्षांच्या पोरीला लुगडं! परक्या पुरुषापुढे सुनेनं बोलायची आमच्यात रीत नव्हती. मी पदर सावरून बाहेर आले आणि सांगितलं, हिरवा खणाचा परकर, उजव्या भुवईवर पडल्याची खूण. कुणी मला आत जा म्हटलं नाही. आईला ठाऊक असतं ते आईनंच सांगावं.

जमादारानं एक शिपाई बंदरावर धाडला, एक स्टेशनावर. गल्लीत पावलांचा माग राहिला असता तर दोघे एकाच वाटेनं गेले असते, लवकर गेले असते. बंदरावरून तोवर होडी सुटली होती आणि स्टेशनावरून गाडी.

सासूबाईंना मी कधी बोलले नाही. त्याच माझ्या पानात वाढताना मान वर करीनाशा झाल्या.

काही महिन्यांनी चौकीवरून बोलावणं आलं. खाडीच्या चिखलात एक पोर सापडली होती, ओळख पटवायला या म्हणाले. हे नको म्हणत होते, पण मी गेले. भुवईवर खूण नव्हती. माझी नव्हती ती. माझा जीव भांड्यात पडला आणि दुसऱ्याच क्षणी तिच्याकडे बघून माझं मलाच कसंसं झालं. कुणाची तरी होतीच की. केस चिखलानं कपाळाला चिकटले होते. ते सारखे करायला माझा हात गेला आणि तसाच मी मागे घेतला. तिची आई येईल, तिला जसं आहे तसं दिसू दे.

जमादारानं विचारलं, "बाई, तुमची?"

"नाही," म्हटलं. "माझी अजून कुठंतरी आहे."