खंडेनवमीची दुनळी

रायफल हातात आली की तिच्यावरचं नाव शेवटी वाचायचं, हा अण्णांचा पहिला धडा. अण्णा म्हणजे माझे वडील. बेंगळूरच्या कॅन्टोन्मेंटातल्या बंदुकीच्या दुकानात त्यांनी पस्तीस वर्षं जुनी हत्यारं पारखली. लंडनच्या मोठ्या कारखान्याचं नाव नळीवर दिसलं की भल्याभल्यांचे डोळे बिघडतात, असं ते म्हणायचे. म्हणून नावावर अंगठा ठेवून ते बाकीचं सगळं बघायचे.

हत्ती-गव्यासाठी केलेली मोठ्या बोअरची दुनळी रायफल आली, की आधी तिचं पुढचं लाकूड उतरवायचं आणि ती कानाशी धरून हलवायची. आत जरा खुळखुळलं तर सांधा सैल. मग नळ्यांवरचा, खटक्याच्या पेटीवरचा आणि लाकडाखालचा नंबर एकच आहे ना, ते पाहायचं. नळ्यांच्या पोटाशी चाचणीचे शिक्के असतात, ते भिंगाखाली वाचायचे. आणि सगळ्यात महत्त्वाचा खटक्याच्या पेटीवरचा रंग. हाडाच्या कोळशात पोलाद भाजताना त्याच्यावर निळे, तपकिरी, गवती ढग उमटतात. अडाण्याला ते डाग वाटतात. ते मूळचे असतील तर रायफलीला मान. कुणी घासून पोलाद पांढरं केलं असेल, तर जाणता माणूस तिच्याकडे वळूनही बघत नाही. "तेलाचा एक थेंब आणि फलालीनचं फडकं. बाकी काही लावलंत तर हात तोडीन," असं अण्णा दुकानातल्या सगळ्यांना बजावायचे.

घरी मात्र त्यांनी हे कधी कुणाला सांगितलं नाही. दुकानातलं दुकानात, अशी आमच्या घराची शिस्त. मीही पुढे त्याच दुकानात लागलो, त्यांच्या हाताखाली तयार झालो आणि ही शिस्त इमानानं पाळली. आता त्या इमानाची मला चीड येते.

इंग्रज गेल्यावर कॉफीच्या मळ्यांवरचे साहेब एकेक करून परत निघाले. पन्नासच्या पुढची चार-पाच वर्षं आमच्या दुकानात रायफलींचा ढीग लागला होता. विलायती गोळ्या येणं जवळजवळ बंदच झालं, त्यामुळे इथल्या कुणाला त्या नकोशा झाल्या. एका म्हाताऱ्या साहेबानं जाताना आपली दुनळी चामड्याच्या पेटीसकट अण्णांना देऊन टाकली. फार वर्षांपूर्वी तो दुसऱ्याच एका रायफलीवर भाळला होता, आणि तिच्यावरचं नाव मागाहून ठोकलेलं आहे, हे अण्णांनी आपल्या मालकासमोर त्याला सांगितलं होतं. ते तो विसरला नव्हता.

ती रायफल पहिल्या प्रतीची होती. मी आजवर शेकडो पाहिल्या, तिच्यासारखी पुन्हा पाहिली नाही. आमच्या चिकपेटच्या घरात ती कपाटाच्या माथ्यावर पेटीत कुलूपबंद असे आणि वर्षातून एकदाच, दसऱ्याच्या सणात, बाहेर निघे.

एकसष्ट-बासष्ट साल असेल, अण्णांना काचबिंदू झाला. एक डोळा गेलाच. दुसरा हळूहळू निघाला होता. मद्रासच्या डॉक्टरांनी सांगितलं की लवकर शस्त्रक्रिया केली तर उरलंय तेवढं टिकेल. आमच्या दोघांच्या पगारात ते बसणारं नव्हतं. तेवढ्यात दुकानाच्या मालकांनी बातमी आणली, की जुन्या इंग्रजी रायफली मोठ्या किमतीला विकत घेणारा एक अमेरिकन दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी बेंगळुरात येतोय. त्याची अट एकच, हत्याराला कुणी हात लावलेला नसावा.

कित्येक महिन्यांनी अण्णा हसले. खटक्याच्या पेटीच्या डाव्या बाजूला निळा ढग कुठे सुरू होतो आणि खिळ्यापाशी कसा वळतो, हे त्यांनी मला न बघता सांगितलं. त्यांना तेव्हा समोरचं माणूसही धड दिसत नव्हतं.

आम्ही इथले तीनशे वर्षांचे. पूर्वज मराठी फौजेबरोबर आले आणि राहिले. फौज गेली, पण खंडेनवमी राहिली. अष्टमीला घरातली सगळी शस्त्रं उतरवायची, घासायची आणि नवमीला देवघरात मांडून पुजायची. तलवार आणि दोन कट्यारी घासायचं काम आईचं, चिंच आणि विटेची पूड घेऊन. दुनळी तेवढी अण्णा स्वतः तेलाच्या फडक्यानं पुसायचे. का, ते आईनं कधी विचारलं नाही.

त्या वर्षी अष्टमीला सकाळी चामड्याची पेटी मी उघडली. रायफल मागच्या पडवीत चटईवर तलवारीशेजारी ठेवली आणि दुकानाच्या पूजेच्या तयारीला निघून गेलो. आल्यावर पुसू, असं मनात होतं. निघताना आईला एक वाक्य सांगायला हवं होतं, "हिला हात लावू नको." चार शब्द. ते मला सुचले नाहीत.

परतायला उशीर झाला. पडवी धुतलेली होती आणि शस्त्रं देवघरात गेली होती. आई म्हणाली, "सगळं झालंय रे, जेव तू." मी जेवलो, निवांत झोपलो.

नवमीला सकाळी देवघराशी गेलो. दुनळी चांदीच्या ताटासारखी लखलखत होती. ढग नव्हते. नळ्यांचा काळसर निळा रंगही जागोजागी उडाला होता. आई कौतुकानं म्हणाली, "कसली डागाळलेली रे ती! परदेशाचा पाव्हणा येणार, त्याला स्वल्प तरी बरं दिसूदे म्हणून दोनदा घासले बघ."

मला तिचा राग आला. जन्मदात्या आईचा इतका राग येऊ शकतो, हे मला त्या दिवशी कळलं. आणि पाठोपाठ स्वतःची अशी किळस आली, की ती अजून गेलेली नाही.

अण्णा पाटावर बसले होते. फूल वाहायला त्यांनी हात पुढे केला आणि बोटं सवयीनं पोलादावरून फिरली. खिळ्याच्या खाचेपाशी थांबली. नखानं त्यांनी खाचेतून काहीतरी उकरलं, दोन बोटांत चोळलं, नाकाशी नेलं. विटेची तांबडी पूड होती ती, चिंचेत कालवलेली. आई मागे वाती करत होती.

"सरी, ठीक," अण्णा म्हणाले. "पूजा होऊ दे." त्यांनी फूल वाहिलं.

आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन, असं आपल्यात म्हणतात. आमच्या अण्णांनी एकच मागितला होता.

एकादशीला अमेरिकन आला. बाहेरच्या खोलीत बसला, रायफल घेतली आणि नावावर अंगठा ठेवला. पुढचं लाकूड उतरवून त्यानं ती कानाशी हलवली, तसं अण्णांनी मान वर केली. आपल्या जातीचा माणूस आलाय, हे त्यांना आवाजावरून कळलं. मी मनात एक थाप जुळवून ठेवली होती. काही मोजक्या रायफली कारखान्यातूनच पांढऱ्या निघत, ही त्यांतली, असं सांगणार होतो. तोंड उघडलंही. पण अण्णा आधी बोलले, इंग्रजीत. म्हणाले, "तीन दिवसांपूर्वी ही माझ्या घरात घासली गेली. त्याआधी सगळं मूळचं होतं."

त्यानं रायफल हळूच खाली ठेवली. नळ्या आतून इतक्या उत्तम त्यानं हिंदुस्थानात कुठे पाहिल्या नाहीत, म्हणाला. फार वाईट वाटतंय, म्हणाला. आणि उठला.

आई कॉफी घेऊन दारात उभी होती. तिला इंग्रजी येत नव्हतं. "काय म्हणाला हो?"

"दुय्यम प्रतीची आहे म्हणाला," अण्णांनी सांगितलं. "साहेबानं मला दुय्यम माल दिला होता. मलाच इतकी वर्षं कळलं नाही बघ."

पस्तीस वर्षांत त्यांनी केलेली ही एकच खोटी पारख. ज्या साहेबाचं त्यांनी उभ्या जन्मात वाईट ऐकून घेतलं नसतं, त्याला आई पुढे बसता-उठता शिव्या घालू लागली. "मेल्यानं फसवलं माझ्या घरच्या भोळ्या माणसाला!" चोर सोडून संन्याशाला फाशी. आणि चोर मी, तिथेच बसून जेवत असायचो.

युगादीच्या, म्हणजे पाडव्याच्या, आत दुसरा डोळा गेला. त्यानंतर दर अष्टमीला आई दुनळीही मन लावून घासायची. किंमत नाही तर नाही, निदान देवापुढे शोभू दे, म्हणायची. अण्णा पडवीच्या पायरीवर बसून तो घासण्याचा आवाज ऐकत.

"चकाकते का गं?"

"आरशासारखी. तोंड दिसतंय माझं."

"मग झालं."

अशा पाच अष्टम्या गेल्या. सहाव्या वर्षी अण्णा नव्हते. मी सुट्टी काढून घरीच थांबलो होतो. आई पडवीत चिंच कोळून बसली, तलवार झाली, कट्यारी झाल्या. दुनळी तिनं मांडीवर घेतली आणि तशीच थांबली.

"अण्णा," ती मला म्हणाली. थोरला म्हणून मलाही ती कधी कधी अण्णाच म्हणायची. "त्यांची पारख कधी चुकली नाही म्हणून तुमचे मालक सांगत होते परवा. एकदाही नाही म्हणे. मग हीच कशी रे चुकली?"

"चुकते एखादी," मी म्हणालो.

तिनं माझ्याकडे पाहिलं, मग आपल्या तांबड्या झालेल्या बोटांकडे. तिनं चिंचेची वाटी पायानं लांब सारली.

"तेल आण जरा," ती म्हणाली. "आणि ते पुसायचे ते फडकं."