साडूंच्या भावाची मंडई

माझ्या साडूंच्या थोरल्या भावाइतका भांडखोर दयाळू मनुष्य नांदेड जिल्ह्यात दुसरा नसेल. मुदखेडला औषधाच्या दुकानात हयात घालवून ते निवृत्त झाले, पण एस.टी.च्या कंडक्टरपासून लग्नातल्या वाढप्यापर्यंत त्यांच्या तावडीतून कोणी सुटत नाही. वरण पातळ म्हणून ते भरल्या पंगतीतून उठलेले मी पाहिले आहेत. हाच मनुष्य मोबाइलवर मात्र कोणाला एका शब्दाने दुखवत नाही. तिथे ते नशा करणाऱ्यांचा एक गट चालवतात. नशा सोडा, असे त्या गटात म्हणायचे नाही. मरू नका, एवढेच म्हणायचे. दारूवर गोळ्या नकोत, दुसऱ्याची सुई नको, आतून कडी लावून एकट्याने तर मुळीच नको. कोणी कोणाला ओळखू नये म्हणून प्रत्येकाला एका भाजीचे नाव. एका बारशात पाळणा ऐन रंगात असताना ते फोनवर ओरडले, "भोपळ्या, दोडक्याला कुशीवर वळव, अन् आधी ॲम्ब्युलन्स बोलाव." जमलेल्या बायकांना समजावता समजावता वहिनींची पुरेवाट झाली. दोडका वाचला.

मी शिक्षक. माझे मराठी शुद्ध, म्हणून सूचना लिहिण्यासाठी त्यांनी मला पडवळ करून गटात घेतले. एके दिवशी कारल्याने लिहिले, की वडिलांच्या तेराव्याला, पाहुण्यांदेखत, थोरल्या भावाने त्याला घराबाहेर काढले. तेव्हापासून तो लातूरला एकटाच असतो. तो थोरला भाऊ मी होतो. गटाचा नियम विसरून मी त्याला फोन लावला आणि क्षमा मागायची सोडून तासभर उपदेश केला. संध्याकाळपर्यंत तो गटातून निघून गेला होता. त्याचा फोनही बंद झाला.

मी मुदखेडला जाऊन सारे कबूल केले. वरणावरून पंगत सोडणारा तो मनुष्य आवाज चढवेल, या अपेक्षेने मान खाली घालून बसलो. ते हळूच म्हणाले, "तुम्ही तिथं न्हाई असं समजूनच तो बोलला होता, गुरुजी." मग माझ्यासमोरच त्यांनी माझे नाव गटातून काढले आणि मिळेल त्या गाडीने लातूर गाठले. खोली शोधून त्याच्यापाशी आठ दिवस राहिले.

आता दर रविवारी मी मुदखेडला जातो. भाऊ काय घेतो, किती घेतो, हे विचारायचे नाही, असे ठरले आहे. चहा येतो, साखरेवरून घरच्यांचा उद्धार होतो, आणि मी उठू लागलो की ते चष्म्यावरून पाहत म्हणतात, "जिता हाय." गेल्या रविवारी म्हणाले, "बरा हाय." गाडीत मी ते दोन शब्द मनाशी पुन्हा पुन्हा म्हणत राहिलो. घरी विचारले तेव्हा मात्र, गाडीला गर्दी होती, एवढेच सांगितले.