चौदा दप्तरांतले चौदा माठ

हसायचं असेल तर खुशाल हसा, पण शेवटापर्यंत थांबून हसा. कारण मी घातलेला गोंधळ एका दमात समजणारा नाही. मी स्वतः तो आठवडाभर, रोज थोडाथोडा करून घातला होता!

मी सेलूला नववीत शिकते. वर्गात मी आहे हे सरांना फक्त हजेरीच्या वेळी कळतं, आणि तेव्हाही माझं "हजर सर" शेजारची प्रज्ञाच म्हणते. यावरून माझा आवाज किती मोठा असेल ते तुम्हीच ओळखा.

आमच्या शाळेत कम्प्युटरचा गट आहे. मुली चौदा, चालणारा कम्प्युटर एक. म्हणून शेख सरांनी त्या एकाच कम्प्युटरवर चौदा जणींना वेगवेगळं लॉगिन करून दिलंय. आपलं नाव, आपला पासवर्ड, आपल्या फायली. एकीचं दुसरीला दिसत नाही.

पावसाळाभर आम्ही प्रत्येकीनं घरी प्लास्टिकची बाटली कापून पर्जन्यमापक ठेवलं होतं. रोजचा पाऊस वहीत लिहायचा, आणि शनिवारच्या प्रदर्शनात आपापल्या लॉगिनमधून त्याचा आलेख पालकांना दाखवायचा, असं ठरलं होतं. प्रज्ञाचे बाबा गवंडीकाम करतात. ते कामावर खाडा करून येणार होते. "बाबा पहिल्यांदाच माझ्या शाळंत यायलेत," हे प्रज्ञानं मला इतक्या वेळा सांगितलं, की मलाच त्यांच्या येण्याचं टेन्शन आलं.

आलेखाचा प्रोग्राम मी लिहिला होता. प्रोग्राम लिहायला बोलावं लागत नाही ना! पण तो चालायला एक पॅकेज लागत होतं. पॅकेज म्हणजे दुसऱ्या कुणीतरी आधीच लिहून ठेवलेला तयार कोड. आपण तो कम्प्युटरमध्ये टाकून घ्यायचा आणि वापरायचा.

मी टाकायला गेले, तर कम्प्युटर म्हणाला, परवानगी नाही, मुख्य पासवर्ड द्या. मुख्य पासवर्ड शेख सरांकडे. शेख सर शेजारच्या खोलीत. मी त्यांच्या दारापर्यंत दोनदा गेले, आणि दोन्ही वेळा व्हरांड्यातल्या माठातलं पाणी पिऊन परत आले.

मग इंटरनेटवर वाचलं, की पॅकेज फक्त स्वतःच्या लॉगिनपुरतं टाकायचं असेल तर परवानगी लागत नाही. म्हणजे कुणाशी बोलायलाच नको! असा माणसांचा विचार करणारा कम्प्युटर मी आजवर पाहिला नव्हता. टाकलं. आलेख आला. प्रज्ञाच्या कानात सांगितलं, "झालं."

प्रज्ञानं ते साऱ्या गटाला ऐकवलं. तिचा आवाज म्हणजे माझा आणि तिचा मिळून एक आहे.

मग एकेक मुलगी आपल्या लॉगिनमध्ये माझा प्रोग्राम चालवून बघायला लागली, आणि दर वेळी तीच लाल अक्षरं! पॅकेज सापडत नाही.

"वैशे, कुठं टाकलंस गं?"

"कम्प्युटरमध्येच."

"आमाला तर दिसंना! सोतापुरतंच टाकून घेतलंस की काय?"

खरंच स्वतःपुरतं टाकलं होतं! लाजेनं माझे कान तापले. सरांना विचारलं असतं तर विषय तिथंच मिटला असता. पण मी काय ठरवलं? प्रत्येकीच्या लॉगिनमध्ये जाऊन, प्रत्येकीपुरतं वेगळं टाकायचं. तेरा वेळा!

आठवडाभर मधल्या सुट्टीत हेच चाललं. एकेकीनं यायचं, पासवर्ड टाकायचा. तोवर मी भिंतीवरच्या नकाशात जिंतूर शोधल्यासारखं करायचं. मग शाळेचं नेट ते पॅकेज हळूहळू ओढत बसायचं आणि मी पोळी खात बसायची. शेख सर दारातून डोकावायचे.

"काय करायलीस, बेटा?"

"काही नाही, सर."

पाच दिवस, पाच वेळा "काही नाही, सर." शुक्रवारी तेरावी मुलगी कशीबशी उरकली. मला वाटलं, जग जिंकलं.

शनिवारी सकाळी प्रज्ञाचे बाबा आले. इस्त्रीचा शर्ट, आणि हातात लेकीची ती कापलेली बाटली, काचेची असल्यासारखी धरलेली. सगळ्यांच्या मागं, भिंतीला टेकून उभे राहिले. पहिला नंबर प्रज्ञाचाच.

तिनं पासवर्ड टाकला. पडदा लुकलुकला आणि पुन्हा पासवर्ड मागायला लागला. पुन्हा टाकला. पुन्हा तेच.

"इसरलीस का गं?" मागून कुणीतरी विचारलं.

"माझ्या आजीचं नाव हाय, इसरंन कशी?"

झालं, पासवर्डही साऱ्या शाळेला कळला. दुसरी मुलगी बसली, तेच. तिसरी, तेच. चौदांपैकी एकीलाही आत जाता येईना! प्रज्ञानं एकदा बाबांकडं पाहिलं आणि मान खाली घातली. बाबा घाईनं म्हणाले, "ऱ्हाऊ दे बाई, मी वहीतच बघतो की."

मी शेख सरांच्या खोलीकडं निघाले. या वेळी माठापाशी थांबले नाही.

"सर, मी ते पॅकेज चौदा वेळा टाकलं."

सरांच्या हातातला चहा हातातच राहिला. "चौदा वेळा? कशाला?"

"तुम्हाला विचारायला नको म्हणून."

सर उठून आले. स्वतःच्या लॉगिननं (त्याच्यासाठी थोडी जागा राखून ठेवलेली असते) एक काळा पडदा उघडला, बघितलं, आणि इतके हसले की चष्मा काढून पुसावा लागला.

"अरे भई, हा कम्प्युटर म्हातारा, जागा आधीच कमी. तू ती काठोकाठ भरलीस! आत पाय ठेवायला जागा न्हाई, मग लॉगिन कसं होईल? बाहेर तो माठ दिसतो का? सगळ्या जणी त्यातलंच पाणी पितात ना? तू काय केलंस, प्रत्येकीच्या दप्तरात एकेक माठ ठेवलास!"

सगळे हसले. प्रज्ञाचे बाबासुद्धा.

"व्हरांड्यात माठ ठेवायला माझी परवानगी लागते," सर काम करता करता सांगत होते, "कारण त्यात भलतं काही पडलं तर सगळ्यांचीच पोटं बिघडतील. पण म्हणून विचारायचंच न्हाई? मी काय खातो का, बेटा?"

त्यांनी चौदाच्या चौदा माठ बाहेर काढले आणि मुख्य पासवर्ड घालून सगळ्यांसाठी एकदाच पॅकेज टाकलं. त्यांचा चहा अजून कोमट होता हो!

प्रज्ञाच्या आजीचं नाव या वेळी चाललं. आलेख आला. बाबा मागून पुढं आले, वाकले, आणि त्यांनी सगळ्यात उंच रेघेवर बोट ठेवलं. "ह्या दिवशी स्लॅब टाकायचा होता. दिवसभर ताडपत्री धरून उभा व्हतो. बरोबर काढलंस गं पोरी, लय बरोबर." प्रज्ञा काहीच बोलली नाही. माझ्या ओळखीत पहिल्यांदाच!

सर रागावले असते तरी चाललं असतं. उलट पालकांना त्यांनी सांगितलं, "प्रोग्राम हिनं लिहिलाय." माझ्या गोंधळाची तक्रार मात्र माझ्या घरी केली नाही. मुलीही एका शब्दानं टोचून बोलल्या नाहीत. मला इतकं भरून आलं, की सगळ्यांची माफी मागायची आणि सगळ्यांचे आभार मानायचे, असं मी ठरवलं. पालक गेल्यावर एकेकीजवळ जाऊन हळूच सांगायला लागले.

मागून आवाज आला. "वैष्णवी, काय करायलीस?"

या वेळी मी खरं सांगितलं. "माफी मागतेय, सर. आणि थँक्यू म्हणतेय."

"कितवी ही?"

"आठवी, सर. पाच राहिल्या."

सरांनी कपाळाला हात लावला. "पुन्हा दप्तरात माठ? जा, पुढं उभी ऱ्हा अन् सगळ्यांना एकदाच सांग!"

गेले. फळ्यापुढं उभी राहिले. डोळे मिटले आणि होतं नव्हतं तेवढं बळ एकवटून सगळं एकदाच बोलून टाकलं. डोळे उघडले, तर पहिल्या बाकावरची प्रज्ञा डोळे पुसत होती, आणि बाकीच्या मुली एकमेकींना विचारत होत्या, "ती बोलली का गं काही?"

शेख सर म्हणाले, "शाब्बास, इन्स्टॉल झालं. पण फक्त प्रज्ञापुरतं!"